विकिपीडियाचं दिनविशेष: ४ ऑक्टोबर या एका तारखेवर घेतलेली परीक्षा

दिनविशेष लिहिणाऱ्या, माइकवरून वाचून दाखवणाऱ्या किंवा त्यावर प्रश्नमंजूषा काढणाऱ्या बहुतेकांचा माल आज विकिपीडियातून येतो. कुणी तो थेट तिथून घेतं, कुणी तिथूनच उचललेल्या दुसऱ्या साइटवरून. म्हणून ही सेवा एका तारखेला धरून खोलात तपासून पाहण्यासारखी आहे. तपासणीसाठी ४ ऑक्टोबर घेतला. वर्षातला २७७वा दिवस, लीप वर्षात २७८वा. तारखांचा जितक्या प्रकारे घोळ होऊ शकतो, त्यातले बहुतेक प्रकार या एका दिवशी एकत्र सापडतात.

मत आधीच सांगून टाकतो. घटना शोधण्यासाठी याहून चांगली मोफत सेवा माझ्या माहितीत नाही. पण यादीतली तारीख तशीच उचलून छापायची सोय इथे नाही. प्रत्येक नोंदीमागे चार गोष्टी पाहाव्या लागतात: कालगणना कोणती, घड्याळ कुठलं, घटनेचा नेमका कोणता टप्पा, आणि वर्षं कशी मोजली. यादीत यातलं काहीच वेगळं लिहिलेलं नसतं.

सेवा एकच वाटली तरी तिला चार दारं आहेत आणि चारींची प्रत निराळी आहे. पहिलं इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावरचं सदर. तिथे रोज साधारण पाचेक घटना, वर त्या दिवसाचे सण-दिन आणि खाली काही जन्म-मृत्यू असतात. इथली नोंद चाळून घेतलेली असते. ज्या लेखाकडे ती नेते तो त्रोटक चालत नाही, त्यात संदर्भांची बोंब असलेली चालत नाही, आणि घटनेची तारीख त्या लेखातच संदर्भासह असावी लागते. सदर जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री बदलतं, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला. पहाटे पाचला पान उघडून मजकूर घेणाऱ्याच्या हाती कालचा दिवस पडतो, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरं दार म्हणजे त्या तारखेचं स्वतंत्र पान. अशी ३६६ पानं आहेत. इंग्रजी पानावर घटना, जन्म आणि मृत्यू १६०० पर्यंत, १६०१ ते १९०० आणि १९०१ पासून पुढे अशा तीन भागांत मांडलेले असतात. मराठी पानावर 'ठळक घटना आणि घडामोडी', 'जन्म', 'मृत्यू' आणि 'प्रतिवार्षिक पालन' अशी रचना असते. इंग्रजीत नव्या नोंदीला थेट संदर्भ मागितला जातो, पण जुन्या नोंदींपैकी अनेक संदर्भाविनाच उभ्या आहेत. तारखेचं पान शोधासाठी उत्तम आहे. पुरावा म्हणून मात्र ते वापरू नये. नोंदीवरून मूळ लेखात जावं आणि लेखात तीच तारीख, त्याच अर्थाने आहे का ते बघावं. तिसरं दार मोबाइल ॲप आणि त्यामागचा फीड (प्रोग्रामला थेट वाचता येणारा मजकुराचा पुरवठा), चौथं विकिडेटा (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा). त्यांच्याकडे नंतर येतो.

आता ४ ऑक्टोबरचं पान. त्यावरची सगळ्यात मोलाची नोंद १५८२ ची. तेराव्या ग्रेगरी पोपने २४ फेब्रुवारी १५८२ च्या फर्मानाने जुनी ज्युलियन कालगणना सुधारून आजची ग्रेगोरियन आणली. त्यानुसार स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीच्या बहुतेक भागांत गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर आला. वारांची साखळी तुटली नाही, मधल्या दहा तारखा मात्र वगळल्या गेल्या. आविलाच्या संत तेरेसा यांचा मृत्यू नेमका त्याच रात्री, स्पेनमधल्या आल्बा दे तोर्मेस इथे झाला. त्यांच्या मृत्यूची तारीख कुठे ४ तर कुठे १५ ऑक्टोबर दिसते, आणि स्मृतिदिन १५ ला असतो. दिनविशेषात हे नाव घ्यायचं तर '४ ऑक्टोबरची रात्र, जिच्यानंतर १५ ऑक्टोबर आला' एवढं वाक्य लिहावंच लागतं. त्याला दुसरा इलाज नाही.

याच तारखेच्या आणखी दोन घटना शेजारी ठेवून पाहा. १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेल यांच्या संपूर्ण इंग्रजी बायबलची छपाई पुरी झाली. १६६९ मध्ये ॲमस्टरडॅमला चित्रकार रेम्ब्रांट वारले. दोन्हींपुढे ४ ऑक्टोबरच लिहिलेलं असतं. पण पहिली तारीख ज्युलियन आहे, आजच्या गणनेत ती १४ ऑक्टोबर होते. दुसरी ग्रेगोरियन आहे, कारण हॉलंड प्रांताने नवी गणना अगदी सुरुवातीलाच स्वीकारली होती. रेम्ब्रांट गेले त्या दिवशी इंग्लंडमध्ये २४ सप्टेंबर चालू होता. म्हणजे एकाच पानावर, एकाच तारखेखाली, ऋतुमानाने दहा दिवसांचं अंतर असलेल्या नोंदी बसल्या आहेत. विकिपीडियाचा रिवाज असा की १५८२ च्या आधीचं ज्युलियनमध्ये आणि नंतरचं साधारणपणे त्या देशात त्या वेळी जी गणना चालू होती तिच्यात. हा रिवाज समंजस आहे, इतिहासाची पुस्तकंही असंच करतात. माझी तक्रार एवढीच, की हे लेखात सांगितलेलं असतं, यादीत सांगितलेलं नसतं. नोंदीपुढे एक छोटी खूण केली असती तर निम्मा गोंधळ मिटला असता.

तारीख बदलून घ्यायची वेळ आली तर फरक किती धरायचा, इथे फार जण घसरतात. १५८२ पासून फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, तिथून फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, मग फेब्रुवारी १९०० पर्यंत १२, आणि त्यानंतर १३. रशियाची गोष्ट निघाली की डोळे झाकून १३ मिळवले जातात, कारण १९१७ ची क्रांती २५ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर अशा दोन तारखांनी सगळ्यांना पाठ असते. पण टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ चा. जुन्या गणनेत २८ ऑगस्ट, नव्यात ९ सप्टेंबर, फरक १२. देशही पाहावा लागतो: ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये बदल केला (२ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर), रशियाने १९१८ मध्ये (३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी).

हे परक्यांपुरतं नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेक ६ जून १६७४ या आपण वापरतो त्या तारखा ज्युलियन आहेत. ग्रेगोरियनमध्ये त्या १ मार्च १६३० आणि १६ जून १६७४ होतात. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा वकील होता, तिचं दफ्तर जुन्या इंग्रजी गणनेनेच चालत होतं. रूढ तारीख बदलावी असं मुळीच म्हणायचं नाही. मात्र सतराव्या शतकातली एक नोंद इंग्रज कागदांतून आणि दुसरी पोर्तुगीज कागदांतून आली असेल, तर 'त्याच दिवशी तिकडे' असं जोडवाक्य लिहिण्यापूर्वी दहा दिवसांचा हिशेब करायलाच हवा. पोर्तुगीज १५८२ पासून नव्या गणनेवर होते.

योगायोगांच्या नोंदींना हीच चाळणी लावा. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य दिनविशेषांत वारंवार दिसतं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, पण ज्युलियन. ग्रेगोरियनमध्ये ४ जानेवारी १६४३. दोन गणना मिसळल्या म्हणून वर्ष जुळलं. उलट स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, म्हणजे गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं, आणि दोन्ही तारखा एकाच गणनेतल्या. हा योगायोग बिनधास्त छापावा.

घड्याळाचा घोळ कालगणनेइतका प्रसिद्ध नाही, पण आधुनिक नोंदींत तोच जास्त नडतो. ४ ऑक्टोबरची सर्वांत गाजलेली घटना म्हणजे १९५७ चं स्पुटनिक-१, पहिला कृत्रिम उपग्रह. वजन ८३.६ किलो, व्यास ५८ सेंटिमीटर, २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन लहरींवर बीप-बीप. उड्डाण जागतिक वेळेनुसार १९.२८ ला झालं. मॉस्कोत रात्रीचे १०.२८ वाजले होते, तारीख ४. प्रक्षेपणतळ मात्र मॉस्कोच्या बराच पूर्वेला, कझाकस्तानात. तिथल्या स्थानिक वेळेनुसार मध्यरात्र उलटून ५ ऑक्टोबर लागला होता. भारतीय वेळेने हिशेब केला तर ५ ऑक्टोबरच्या रात्रीचे १२.५८. चार ऑक्टोबर ही तारीख जगाने मॉस्को आणि जागतिक वेळेवरून घेतली आणि ती तशीच ठेवणं योग्य आहे. चूक होते ती अर्धवट भाषांतरात. कुणी वेळ भारतीय करतं आणि तारीख जुनीच ठेवतं, मग '४ ऑक्टोबर, रात्री १२.५८' असं छापून येतं आणि उड्डाण पूर्ण एक दिवस आधी सरकतं. वेळ बदलली की तारीखही बदलायची, नाहीतर दोन्ही मूळचीच ठेवायची.

दिवस कुठे सुरू होतो हाही प्रश्न याच पानावर आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांचा स्मृतिदिन ४ ऑक्टोबरला असतो, आणि जागतिक प्राणीदिन याच तारखेला असण्याचं कारणही तेच. त्यांचा मृत्यू १२२६ मध्ये ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी झाला. सूर्यास्तापासून नवा दिवस मोजण्याच्या पद्धतीने तो ४ मध्ये गेला. म्हणून 'प्रतिवार्षिक पालन' या भागातून नाव उचलून 'आज यांचा मृत्यू झाला' असं वाक्य बनवू नये. स्मृतिदिन आणि मृत्यूदिन ही दोन वेगळी खाती आहेत.

टप्प्याचा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे दोन्ही बाजू खऱ्या असतात. ओरिएंट एक्सप्रेस ४ ऑक्टोबर १८८३ ला पॅरिसहून निघाली असं सगळीकडे दिसतं. पण पॅरिस ते व्हिएन्ना अशी गाडी त्याआधी, ५ जून १८८३ लाच धावली होती. ऑक्टोबरची फेरी हा गाजावाजा करून केलेला औपचारिक शुभारंभ. शिवाय ती गाडीही थेट कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) गेली नाही. प्रवासी रुमानियात जुर्जूला उतरले, डॅन्यूब ओलांडली, दुसऱ्या गाडीने वार्नाला गेले आणि तिथून बोटीने पुढे. सलग रेल्वे १८८९ मध्ये झाली. म्हणून 'पॅरिस–कॉन्स्टँटिनोपल रेल्वे सुरू' हे वाक्य या तारखेला चूक. 'ओरिएंट एक्सप्रेसची औपचारिक पहिली फेरी पॅरिसहून सुटली' हे बरोबर.

फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाची राज्यघटना हे दुसरं उदाहरण. सार्वमत २८ सप्टेंबर १९५८ ला, राज्यघटना जारी झाली ४ ऑक्टोबरला. 'जनतेने मंजुरी दिली' असं ४ तारखेखाली लिहिलं की चुकलं. सोव्हिएत ल्यूना-३ यान ४ ऑक्टोबर १९५९ ला, स्पुटनिकच्या दुसऱ्या वाढदिवशी, सुटलं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रं त्याने ७ ऑक्टोबरला घेतली आणि जगाने ती पाहिली त्यानंतर, पण ४ तारखेच्या नोंदीत तिन्ही गोष्टी एकत्र कोंबलेल्या आढळतात. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रशमोरचं कोरीवकाम ४ ऑक्टोबर १९२७ ला सुरू झालं आणि १९४१ मध्ये थांबलं. तिथे क्रियापद 'उभारलं' नव्हे, 'सुरू झालं' हवं. इंग्रजी यादीतली वाक्यं वर्तमानकाळात आणि फार घट्ट असतात, त्यामुळे मराठी करताना क्रियापदावरच सगळा भार येतो. सुटलं, पोहोचलं, जाहीर झालं, लागू झालं, सही झाली यांतलं नेमकं कोणतं, हे मूळ लेखाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सापडतं.

वर्षं मोजणं सोपं, फक्त इसवी सनापूर्वीची नोंद आली की सांभाळावं. सन शून्य नाही. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पूर्व ४४ च्या १५ मार्चला झाला. २०२७ मध्ये त्याला ४४ अधिक २०२७ वजा १, म्हणजे २०७० वर्षं होतात. फीडमध्ये अशी वर्षं ऋण आकड्यात येतात. सरळ वजाबाकी करणारा प्रोग्राम २०७१ सांगतो आणि गोल आकड्याची वर्षपूर्ती हातची जाते.

वार लिहिण्याचा मोह असेल तर संगणकावर विसंबू नका. पायथनसारख्या प्रोग्रामिंग भाषेतली नेहमीची तारखेची सोय ग्रेगोरियन गणना मागे कितीही ओढत नेते. तिला ४ ऑक्टोबर १५८२ चा वार विचारला तर ती सोमवार म्हणते. प्रत्यक्षात गुरुवार होता. एक्सेल तर १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही. जुना वार हवा असेल तर आधी ज्युलियन तारखेत फरकाचे दिवस मिळवून ग्रेगोरियन करावी, मग वार काढावा.

ॲपमधलं कार्ड वाचायला छान आहे. वर्षांच्या क्रमाने घटना, सोबत चित्र आणि लेखाचा सारांश. ज्यांना स्वतःच्या साइटवर किंवा फलकावर रोजचं दिनविशेष आपोआप आणायचं आहे, त्यांच्यासाठी त्यामागचा फीड उपयोगी. महिना आणि दिवस दोन-दोन अंकी द्यायचे (१० आणि ०४), आणि निवडक, घटना, जन्म, मृत्यू, सण-दिन किंवा सगळं यातला प्रकार सांगायचा. विनंतीसोबत आपला प्रोग्राम कोणता याची ओळख द्यावी लागते, आणि दिवसातून एकदा आणून साठवून ठेवलं की पुरतं. दोन खाचखळगे आहेत. 'सगळं' मागवलं की निवडक यादीतल्या नोंदी घटनांच्या यादीतही पुन्हा येऊ शकतात, त्या गाळाव्या लागतात. आणि सण-दिनांना वर्ष नसतं, त्यामुळे सरसकट वर्षावर क्रम लावणारा प्रोग्राम तिथे अडतो. निवडक यादी सोडली तर फीड तारखेच्या पानावरूनच तयार होतो, म्हणून त्या पानातली चूक इथे जशीच्या तशी उतरते.

विकिडेटा हे चौथं दार ताकदीने सर्वांत मोठं आणि नवख्यासाठी सर्वांत धोक्याचं. ४ ऑक्टोबरला जन्मलेली माणसं पेशा, देश, भाषा लावून इथे गाळून घेता येतात. पण ज्यांचं फक्त जन्मवर्ष माहीत आहे, त्यांची तारीख प्रश्न-सेवेत (विकिडेटाला प्रश्न विचारून यादी मागवायची सोय) त्या वर्षाची १ जानेवारी म्हणून दिसते. १ जानेवारीचे वाढदिवस मागवले की माणसांचा महापूर येतो, त्यामागे हेच. उपाय ठरलेला आहे. प्रत्येक तारखेसोबत अचूकतेचा आकडा असतो: ९ म्हणजे वर्ष, १० म्हणजे महिना, ११ म्हणजे दिवस. ११ नसेल ती नोंद टाकून द्यायची. दुसरी गोष्ट, ज्युलियन म्हणून नोंदवलेली दिवसापर्यंतची तारीख प्रश्न-सेवा ग्रेगोरियन करून देते. त्यामुळे शेक्सपिअरचा मृत्यू लेखात २३ एप्रिल १६१६ आणि इथे ३ मे असा फरक दिसू शकतो. मूळ कालगणना कोणती होती याची नोंद वेगळी ठेवलेली असते, ती सोबत मागवावी.

निवडीबद्दल थोडं. इंग्रजी पानाचा कल युरोप-अमेरिकेकडे आहे. ४ ऑक्टोबरला लेसोथो १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि मोझांबिकचं यादवी युद्ध संपवणारा रोमचा करार १९९२ मध्ये झाला, या दोन्ही नोंदी अमेरिकी यादवीतल्या एखाद्या चकमकीपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. त्या मुद्दाम वर आणाव्यात. १८५७ मध्ये याच दिवशी कच्छमधल्या मांडवीला श्यामजी कृष्ण वर्मा जन्मले. अशी नावं इंग्रजी यादीच्या गर्दीत हरवतात. मराठी पान आधी पाहावं, मग इंग्रजी, आणि शेवटी विकिडेटावर भारत लावून एकदा गाळून घ्यावं. या क्रमाने गेलं की महत्त्वाचं फारसं सुटत नाही.

हक्कांचं म्हणाल तर विकिपीडियाचा मजकूर नामनिर्देश करून आणि त्याच परवान्याखाली पुढे देता येतो, विकिडेटाची माहिती पूर्ण मुक्त आहे. चित्रांचं तसं नाही. प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना वेगळा लिहिलेला असतो, आणि इंग्रजी लेखांतली काही चित्रं फक्त त्या लेखापुरतीच वापरलेली असतात. छापण्याआधी तिथवर जाऊन पाहावं.

चूक सापडली तर ती दुरुस्त होते, हा या सेवेचा मोठा गुण. तारखेच्या पानावर संदर्भ जोडून कुणालाही बदल करता येतो आणि फीडमध्येही तो यथावकाश पोहोचतो. मुखपृष्ठ मात्र कुलूपबंद असतं. तिथल्या चुका कळवण्यासाठी स्वतंत्र पान आहे, आणि तिथे त्याच दिवशी, जागतिक मध्यरात्रीच्या आधी लिहावं लागतं, कारण दिवस उलटला की ती नोंद मुखपृष्ठावरून उतरलेली असते.